बारा व्होल्टची करणी

आयुष्यात मी एकदाच कुणावर करणी केली. ती बारा व्होल्टची होती, नकळत झाली आणि परळच्या एका गॅरेजात दिवसाढवळ्या झाली. ज्याच्यावर झाली त्याने ती उतरवायला एक कोंबडा खर्ची घातला. करणी लगेच उतरली. कोंबडा माझ्या डोक्यावरून अजून उतरलेला नाही.

मुंबई कुणाची हे ठरायचं होतं, तेव्हाची गोष्ट. लालबाग-परळपुरतं बोलायचं तर ते ठरून गेलं होतं. दिल्लीला कळवायचं तेवढं बाकी होतं. ते काम रोज संध्याकाळी सभांतून चालायचं.

मी बावीस वर्षांचा होतो. वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. त्यांनी आधी मलाही तिथेच बदली कामगार म्हणून लावून पाहिलं. मागावर धोटा नावाची एक लाकडी वस्तू असते. होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, पोटात सुताची कांडी. ती इकडून तिकडे धावते आणि कापड विणलं जातं. तिने मागावरच धावायचं असतं. तिसऱ्या दिवशी माझ्या साच्यावरचा धोटा मागाबाहेर सुटला आणि जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, टोपी घेऊन खिडकीतून खाली गेला. टोपी त्या क्षणी जॉबरने घाम पुसायला हातात धरली होती, म्हणून मी आज हे लिहितो आहे.

वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, "गॅरेजात लाग. तिथूनही हाकललं, तर परत साच्यावर. जॉबर काय, आज ना उद्या रिटायर होईल."

गॅरेज म्हणजे मिलच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड. उस्ताद फक्त गाडीच्या वायरी बघायचे. इंजिनाला हात लावत नसत. "ते हमालाचं काम," म्हणायचे. शिकवायची त्यांची पद्धत अशी, की गोष्ट एकदाच सांगायची आणि दुसऱ्यांदा विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचं. फ्यूज मात्र त्यांनी मला नीट समजावला.

"घरात दोन वायरी येतात," ते म्हणाले. "गाडीत एकच. दुसरी वायर म्हणजे गाडीचं अंग, हे सगळं लोखंड. म्हणून कुठलीही वायर सोलली आणि अंगाला टेकली, की करंट धरण फुटल्यासारखा धावतो. वायर तापते, तिचं रबर पेटतं, मग शेजारणीचं पेटतं. चाळीत आग लागते तशी."

"मग?"

"मग वाटेत एक जण असा बसवायचा, जो सगळ्यांच्या आधी मरेल. तो फ्यूज. बारीक तार. तो मेला की त्याच्या जागी दांडगा माणूस बसवायचा नाही. तो कशाने मेला ते शोधायचं."

हे मला फार पटलं. इतकं पटलं, की पुढचे कित्येक दिवस मी भेटेल त्याला फ्यूज सांगत होतो. मी जिथे जेवायचो त्या खानावळीच्या मावशींनाही सांगितला. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हणजे घरातली सून."

या मावशींचा पुढच्या भानगडीत मोठा हात आहे, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. त्या रोज साठ-सत्तर डबे मिलच्या गेटवर धाडायच्या. डबे सगळे सारखे, अॅल्युमिनियमचे. नावं लिहून उपयोग नाही, कारण डबे नेणाऱ्या बायकांना वाचता येत नव्हतं. म्हणून मावशी डब्याच्या कडीला रंगीत सूत बांधायच्या. लाल सूत म्हणजे सोमवार पाळणारा, त्याला मासे नाहीत. पिवळं म्हणजे तिखट कमी. आणि सुताला गाठी जितक्या, तितक्या भाकऱ्या. माझ्या डब्याला पाच गाठी होत्या, त्यावरून मला तिथे बोलणी बसत. पण एवढ्या वर्षांत एकही डबा चुकून दुसऱ्याला गेला नव्हता.

आता टॅक्सीवाले काका. मूळ मालवणकडचे, लालबागच्या चाळीत राहणारे, दादरला टॅक्सी लावणारे. गाडी इंग्रजी, छोटी, काकांच्या आधी तिचे तीन मालक होऊन गेलेले. त्या गाडीला कंपनीने दोनच फ्यूज दिले होते. पुढचे दिवे तर बिनफ्यूजचेच. विलायतेत वायर पेटत नसावी. त्या दोनांपैकी एका फ्यूजच्या जागी कुणा शहाण्याने जाड तांब्याची तार पिळून बसवली होती. एके दुपारी मोर्च्यामागे अडकल्यावर हॉर्नचं बटण आत अडकून बसलं. हॉर्न वाजत राहिला, मोर्चेवाल्यांना वाटलं टॅक्सीवाला आपल्यात आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तोपर्यंत डॅशबोर्डाखालून धूर यायला लागला होता. फ्यूज मरायला तयार नव्हता, म्हणून सगळ्या वायरी मेल्या.

पुढे टॅक्सी पासिंगला गेली तेव्हा इन्स्पेक्टरने बॉनेट उघडलं आणि लगेच मिटलं. "सगळी वायरिंग नवी करा. पुढच्या सोमवारी दोन वाजता आणा. तेव्हाही अशीच दिसली, तर परमिट जमा करा."

काकांना दुसरं काहीच येत नव्हतं. घरात बायको, आई आणि दोन मुली. परमिट गेलं की गाव. गावात काय, तर एक फणस, तोही भावकीत वाटलेला.

उस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. "हा करेल."

"ह्यो?" काकांनी मला वरून खाली बघितलं. "झिला, ह्याच्या आदी खंयची गाडी केलंस?"

"पहिलीच," मी म्हटलं. खोटं बोलायचं मला सुचलं नाही. तेव्हापासून मी ते शिकून घेतलं.

लोहार चाळीत वायर आणायला गेलो, तर दुकानात एकाच रंगाचं भेंडोळं: काळं. त्या दिवसांत हिंदमाताजवळ काळं कापड वारभर मिळत नव्हतं, कारण पुढाऱ्यांना दाखवायला काळे झेंडे लागत. काळी वायर मात्र हवी तितकी होती. मी तीच आणली. अख्खी गाडी काळ्या वायरीने भरायची म्हटल्यावर प्रश्न आला, कुठली कुणाची हे ओळखायचं कसं? आणि मला मावशींचे डबे आठवले.

तेव्हा मी फार हुशार होतो. मी ठरवलं, प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज द्यायचा. लाल सूत हॉर्नचं. पिवळं वायपरचं. पांढरं पुढच्या दिव्यांचं. हिरवं मागच्या दिव्यांचं. निळं ब्रेकच्या दिव्याचं. जांभळं वळणाच्या हाताचं. तेव्हाच्या गाड्यांना वळताना दारामागून एक छोटा हात बाहेर यायचा, मोडका असला तरी. ही झाली सहा. सातवं काळं सूत कर्ण्याचं. काका संध्याकाळी टॅक्सीच्या कॅरियरवर लाऊडस्पीकरचा कर्णा बांधून सभेची वर्दी देत फिरायचे. टॅक्सीवर असं काही बसवायला परवानगी नव्हती, आणि सरकार त्या दिवसांत कर्ण्यांवर विशेष नाराज होतं. म्हणून त्या वायरीचं पुढचं टोक मी मागच्या सीटखाली लपवलं. गाठींचाही हिशेब होता: एक गाठ म्हणजे फ्यूजकडचं टोक, दोन म्हणजे बटणाकडचं, तीन म्हणजे त्याच्याही पलीकडचं.

राहिली सात फ्यूज बसवायची फळी. वडिलांनी मिलमधून एक फुटका धोटा फेकण्यातला म्हणून आणला होता. सागासारखं टणक लाकूड, मधोमध आयती पोकळी. मी तिच्यात अभ्रकाचा पत्रा घातला, पितळी चिमटे बसवले, एकेका चिमट्यात बारीक तार ताणली. ज्या वस्तूने मला मिलबाहेर काढलं, तिनेच माझं नाव काढावं, असा त्यामागे विचार होता.

उस्तादांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चालेल," ते म्हणाले. "दिसायला मात्र मयताचं सामान दिसतंय."

मी ते कौतुकात धरलं.

शुक्रवारी काकांना गाडी दिली. हॉर्न वाजला, वायपर हलले, हात बाहेर आला. बॉनेट उघडून दाखवायचं मला सुचलं नाही, त्यांनाही सुचलं नाही. त्यांनी मला घरी नेऊन बांगड्याची कढी आणि भात वाढला. मी पाच भाकऱ्यांच्या हिशेबाने जेवलो. काकांची आई माझ्याकडे जरा जास्तच बघत होती.

सोमवारी सकाळी आठला टॅक्सी गॅरेजात आली. काका उतरले. कपाळाला अंगारा, डोळे तांबडे, पण चेहऱ्यावर मोठं संकट पार पडल्याचं समाधान.

"झिला, जरा हॉर्न बघ. वाजणा नाय. दिवेय लागनत नाय. बाकी सगळां निवारलां."

"काय निवारलं?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "माझ्या गाडयेर करणी केली होती."

मी बसायला पेटी ओढली. त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारी रेडिएटरमध्ये पाणी घालायला त्यांनी बॉनेट उघडलं, तर आत एक व्हडी, म्हणजे होडी! लाकडाची, दोन्ही टोकांना लोखंड ठोकलेलं. व्हडीच्या पोटात सात तारा, सात रंगांचे दोरे, दोऱ्यांना मोजून गाठी. डॅशबोर्डाखाली वाकून बघतात तर तिथेही तेच दोरे, आणि गाठी वाढलेल्या! रविवारी नेमकी अमावस्या. ते गाडी घेऊन शीव कोळीवाड्यातल्या एका भगताकडे गेले. भगताने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, जिथे जिथे गाठ असेल तिथून सोडव, आणि व्हडी वाहत्या पाण्यात सोड. जाताना बोलायचं नाही, परतताना मागे बघायचं नाही.

"सगळां सोडवलंय. येक गाठ ठेवक नाय," काका म्हणाले. "व्हडी खाडयेत सोडलंय. तर ती बुडाक तयार नाय! तरंगत ऱ्हवली. तेवाच माझी खात्री झाली."

लाकूड तरंगायचंच. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मी बॉनेट उघडलं. आतून तीसेक काळी टोकं माझ्याकडे बघत होती. सगळी सारखी. काका हाताचे पक्के. त्यांनी एकही वायर तोडली नव्हती, नुसती प्रत्येक स्क्रूखालून सुबक सोडवून ठेवली होती. डॅशबोर्डाखाली तशीच. इंजिन तेवढं चालू होत होतं, कारण त्याच्या वायरीला मी दोरा बांधला नव्हता.

"कुणी केली असेल?" मी विचारलं.

"माका स्टँडावरच्या येकाचो संशय होतो. नंबरावरसून आमचां भांडाण झालेलां. पण भगत म्हणालो, लांबचो नाय तो. तुझ्या घरात जेवलेलो असा. आणि त्येच्या हाताक काळां लागलेलां असता."

मी हात मागे घेतले. मागे उस्ताद उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ते वाकतील, टोकं हातात घेतील आणि तासाभरात लावून देतील, असं मला वाटलं. त्यांनी जुन्या बॅटरीच्या डब्याचं एक काळं झाकण धोट्याच्या जागी वापरायला माझ्यापुढे टाकलं, त्यावर चिमटे, एक टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरींचा साधा बल्ब, आणि फ्यूजच्या बारीक तारेचं रीळ.

"तुझी करणी," ते माझ्या कानाशी म्हणाले, "तूच उतरव."

दोन वाजता पासिंग. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी एक भेकड निर्णय घेतला: काकांना काही सांगायचं नाही, आठवणीनेच वायरी जोडायच्या. मीच घातल्यात ना, मला आठवणारच. नऊ वाजेपर्यंत मी सगळी टोकं कुठे ना कुठे लावली.

"काका, आत बसा. हॉर्न दाबा."

वायपर हलले.

"वायपर हल्लो!" काका आतून ओरडले. त्यांना दिसत होतं ते मलाही दिसत होतं, पण त्यांना मदत करायची होती.

"ब्रेक दाबा."

हॉर्न वाजला. असा वाजला, की रस्त्यावरचा हातगाडीवाला बाजूला झाला.

"ह्यां बरां असा," काका म्हणाले. "ब्रेक मारलो की लोक आपसूक बाजूक."

"पुढचे दिवे लावा."

वळणाचा हात बाहेर आला, थोडा थांबला आणि आत गेला. मग कुठेतरी 'टक्' झालं आणि एक फ्यूज गेला. मी दोन वायरी बदलल्या. टक्. आणखी दोन बदलल्या. टक्. पाचवा फ्यूज गेल्यावर काका उतरून आले.

"जाड तार घाल मरे. आदल्या मिस्त्रीन जाड घातलेली, ती कधी गेली नाय."

रिळाशेजारी तांब्याची जाड तार पडलीच होती. खोटं सांगत नाही, माझा हात तिकडे गेला. दोन वाजेपर्यंत गाडी चालली की झालं, पुढचं पुढे. मग मला डॅशबोर्डाखालचा तो धूर आठवला, आणि दांडगा माणूस बसवायचा नाही, हे उस्तादांचं सांगणंही आठवलं. हात परत आला.

साडेदहा वाजले. मला कळून चुकलं की ओळखल्याशिवाय हे होणार नाही, आणि खुणेशिवाय ओळखता येणार नाही. टेस्ट लॅम्पने एक टोक सापडायचं, दुसरं शोधेपर्यंत पहिलं गर्दीत हरवायचं. दोरे बांधायलाच हवे होते. आणि काका आता गाडीत एक दोराही बांधू देणार नव्हते.

"काका," मी म्हटलं. "ती करणी मी केली."

काका हसले. मग माझ्या हातांकडे बघून थांबले.

मी सगळं सांगितलं. धोटा, मावशींचे डबे, लाल सूत हॉर्नचं, गाठींचा हिशेब. सांगता सांगता मला स्वतःलाच ते करणीसारखं वाटायला लागलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शिवी येईल म्हणून मी मान खाली घालून होतो. त्यांनी फार शांतपणे विचारलं.

"मगे माझो कोंबो?"

"कुठला कोंबडा?"

"भगताक दिलंय तो. गावठी. आईन गावसून आणललो. दोन मयने चाळीच्या गॅलरीत वाढवलेलो."

उस्ताद दुसऱ्या गाडीखालून म्हणाले, "हा देईल तुम्हाला कोंबडा. करणी उतरू दे आधी."

मग मी धावत मावशींकडे गेलो. त्या डबे भरत होत्या. "सात रंगांचं सूत द्या."

"सात? एवढं जेवणार आहेस?"

सूत घेऊन आलो. आता पद्धतीने. बटणाकडच्या एका टोकाला बॅटरी लावायची, टेस्ट लॅम्पची एक वायर गाडीच्या अंगाला टेकवायची आणि दुसरीने फ्यूजकडची टोकं एकेक करून चाचपायची. बल्ब लागला की ती एकच वायर. सापडली, की तिच्या दोन्ही टोकांना दोरा. दोरे काकांनी बांधले. मी सांगायचो, "लाल, दोन गाठी," आणि ते ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत गाठ मारायचे. खलाशाच्या घरातला माणूस, गाठ अशी की सुटायचं नाव नको. प्रत्येक गाठीनंतर ते माझ्याकडे एकदा बघायचे. त्या बघण्यात कोंबडा असायचा.

बारीक तार दोनदा गेली. एकदा मीच पान्याने चिमटा आणि बॉडी जोडली. दुसऱ्यांदा तिने खरं पाप दाखवलं: मागच्या दिव्याची वायर डिकीच्या कडेला सोलवटून अंगाला टेकत होती. शुक्रवारीही ती टेकायच्या बेतात असणार. मी पाहिलीच नव्हती. जाड तार घातली असती, तर काका ती आग घेऊन पासिंगला गेले असते. उस्तादांनी ते बघितलं आणि परत आपल्या गाडीखाली गेले. त्यांच्या बाबतीत ही शाबासकी.

दुपारी एकला मिलचा भोंगा झाला, तेव्हा हॉर्न दाबल्यावर हॉर्न वाजत होता. ब्रेकला ब्रेकचा दिवा. हात हाताच्या जागी. सगळं लागलं, आणि एक टोक उरलं.

ते कशाचं, ते मला कळेना. बॅटरी लावली तर काहीच होत नव्हतं. ना काही हलत होतं, ना पेटत होतं, ना फ्यूज जात होता. वाचकांना आठवत असेल. मला आठवलं नाही. घाबरलेल्या माणसाला आपण काय केलं यापेक्षा आपलं काय होणार हेच आठवत असतं. अर्धा तास मी त्या वायरीमागे घालवला. शेवटी सातव्या चिमट्याला लावून टाकली आणि उरलेलं काळं सूत तिला बांधलं, कारण तेवढंच उरलं होतं.

"चल," काका म्हणाले. "तूय येतलंस. काय झालां तर तुका पुढे करीन."

पासिंगच्या मैदानात टॅक्सींची रांग होती. इन्स्पेक्टर गेल्या वेळचाच. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. त्याने हॉर्न वाजवून घेतला, दिवे बघितले, वळणाचा हात दोनदा बाहेर काढायला लावला. काका स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसले होते, गाडी पळून जाईल असे. मग इन्स्पेक्टरने बॉनेट उघडलं आणि आत वाकला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

"दोनाचे सात फ्यूज?"

"प्रत्येक कामाला वेगळा, साहेब. एक गेला तर बाकीचे राहतात."

"हं." त्याला ते आवडल्यासारखं वाटलं. त्याने पेन्सिलीने मोजलं. "हॉर्न. वायपर. पुढचे. मागचे. ब्रेक. हात. आणि हा सातवा कशाचा?"

"माहीत नाही," मी म्हणणार होतो. तेवढ्यात माझी नजर वर कॅरियरकडे गेली. तिथे रंग खरवडून चार गोल ओरखडे उठले होते, कर्ण्याच्या पायांचे. आणि मला आठवलं. बेकायदा कर्ण्याची वायर मी स्वतःच्या हाताने फ्यूज देऊन, वर खूण बांधून, सरकारपुढे मांडली होती. इन्स्पेक्टरने काळ्या सुताला हात घातला, आता तो ओढत ओढत सीटखाली पोचणार होता. परमिट, चार माणसं, भावकीतला फणस, सगळं त्या दोऱ्याला लटकलं होतं.

"साहेब, हात लावू नका!" काका दार उघडून खाली आले. मालवणी सोडून शुद्ध बोलायला लागले होते; ते फक्त सरकारपुढे आणि देवापुढे तसे बोलत. "ती करणीची आहे."

इन्स्पेक्टरचा हात थांबला.

"करणीची?"

"माझ्या गाडीवर करणी झालेली. सात गाठींची. सहा उतरल्या, सातवी राहिली आहे. भगताकडे कालच जाऊन आलो. कोंबडा दिला." आवाजात असं खरं दुःख होतं की मलाही वाईट वाटलं. कोंबड्याबद्दल ते एक अक्षर खोटं बोलत नव्हते.

इन्स्पेक्टरने हात काढून रुमालाला पुसला. दोरे बघितले, गाठी बघितल्या. मग तो सरळ उभा राहिला, आणि त्याची नजर वर गेली, कॅरियरवरच्या चार ओरखड्यांवर. तिथे ती जरा थांबली.

"कुणी केली ही करणी?" त्याने विचारलं.

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याने."

"आणि उतरवणार कोण?"

"हाच."

इन्स्पेक्टरने कागद घेतला, सही केली, शिक्का मारला. "सांभाळून," तो कागद काकांच्या हातात देत म्हणाला. "आणि साडेसहाच्या आत काय ते करून घ्या. नंतर लालबागच्या मैदानाकडे गाडी जाऊ देत नाहीत."

त्या दिवशीची सभा साडेसहाला होती, लालबागच्या मैदानात.

परतताना पासिंगचा कागद काकांनी शर्टाच्या आत बनियनला लावून ठेवला होता, त्याची करकर ऐकू येत होती. हिंदमाताजवळ गर्दी होती, रस्त्यात माणसं. काकांनी ब्रेक दाबला. हॉर्न वाजला नाही. मग हॉर्न दाबला, वाजला. ते दोनदा तसं करून बघत होते. गर्दी बाजूला झाली.

"दोरे असांदेत," ते शेवटी म्हणाले. "सोडू नको."

"नाही सोडत."

आणखी एक चौक गेला.

"गावठी होतो रे," काका म्हणाले.